यंत्रदान आणि विद्यादान

आमचे एक स्नेही मूळचे हिंगोली जिल्ह्यातील कुरुंद्याचे. नोकरीच्या निमित्ताने गेली तीस वर्षे ते पुण्यास राहतात. गावी जाणे वर्षातून एकदा, फार तर दोनदा होते. गेल्या दिवाळीनंतर त्यांचे आम्हांस एक पत्र आले. मातोश्रींच्या स्मरणार्थ गावाकडील एखाद्या माध्यमिक शाळेस पाच लक्ष रुपये द्यावेत असा त्यांचा मानस असून, त्या रकमेतून संगणकांची एक सुसज्ज खोली उभी राहावी अशी त्यांची इच्छा आहे. ‘आमच्या वेळी आम्हांस जे मिळाले नाही ते या मुलांस तरी मिळावे, यात काही चुकते आहे काय?’ असे त्यांनी विचारले होते. खोलीच्या दारावर मातोश्रींच्या नावाची संगमरवरी पाटी असावी, असेही पत्राच्या शेवटी भीतभीतच सुचविले होते. प्रश्न सरळ दिसला म्हणून आम्ही त्याच दिवशी उत्तर लिहावयास बसलो. ते उत्तर पुरे होण्यास दोन महिने लागले. त्या अवधीत जो विचार झाला तो वाचकांपुढे ठेवावा असे वाटल्यावरून हा लेख.

या विषयावर दोन ठरीव मते नेहमी ऐकावयास मिळतात. पहिले असे की, संगणक ही या युगाची कामधेनू होय. ती खेड्यातील शाळेच्या दारी बांधली की मग मागाल ते मिळेल. हे मत बहुधा यंत्रे विकणाऱ्यांचे व उद्घाटने करणाऱ्यांचे असते, आणि त्याचा समाचार घेण्यास फारसा बुद्धिव्यय लागत नाही. दुसरे मत अधिक मोहक आहे. पूर्वी काय होते? पाटी होती, पेन्सिल होती, झाडाखाली शाळा भरत असे, आणि तरीही माणसे मोठी झाली. कुरुंद्याच्या बाबतीत तर हे म्हणणाऱ्यास उदाहरणासाठी दूर जावे लागत नाही. नरहर कुरुंदकरांच्या घराण्याचे हे मूळ गाव. १९३२ साली जन्मलेल्या या पुरुषाने नांदेडच्या एका शाळेत मास्तरकी केली, पुढे पीपल्स कॉलेजचे प्राचार्यपद भूषविले, आणि १९८२ साली अवघ्या पन्नाशीत देह ठेवला तेव्हा महाराष्ट्रातील जाणत्या वर्गात ते नाव ठाऊक नाही असा मनुष्य विरळा. इंटरच्या परीक्षेत ते एकाहून अधिक वेळा नापास झाले होते हेही सर्वश्रुत आहे. त्यांस कोठे संगणक होता?

ही कोटी सकृद्दर्शनी बिनतोड दिसते, परंतु तिच्याविषयी आम्हांस मोठा संशय आहे. एक तर असा एक कुरुंदकर निघाला, तेव्हा त्याच बाकांवरची किती मुले कशी वाहून गेली याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. दुसरे असे की, अभावाची ही थोरवी जे गातात त्यांच्या स्वतःच्या घरी एकेका मुलाच्या टेबलावर एकेक संगणक असतो. आपल्या मुलास साधन आणि दुसऱ्याच्या मुलास तपश्चर्या, अशी ही वाटणी आहे. ती करणारा गृहस्थ मनाचा वाईट असतो असे नव्हे. त्याने आपला तराजू तपासलेला नसतो, इतकेच.

मराठवाड्याला हा प्रश्न नवा नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता. सरकारी शिक्षणाची व दरबाराची भाषा उर्दू. १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही तेच. शेतकऱ्याच्या मराठी पोरास शाळा म्हणजे परक्याचे अंगण. त्या काळात हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ साली निघाली, अंबाजोगाईस योगेश्वरी शाळा उभी राहिली, आणि स्वामी रामानंद तीर्थांसारख्या माणसाने दोन्ही ठिकाणी मुख्याध्यापकी केली. त्या शाळांपाशी साधने नव्हती. माणसे मात्र होती, आणि ती माणसे आपण होऊन तेथे आली होती. आज स्थिती पुष्कळशी उलट झाली आहे. इमारत आहे, फळा आहे, कपाटात प्रयोगाचे सामान आहे, क्वचित संगणकही आहेत. उणीव आहे ती वेगळ्याच ठिकाणी. म्हणूनच त्या काळचे उदाहरण आजच्या शाळेस जसेच्या तसे लावता येत नाही. मात्र साधन आणि माणूस यांपैकी आधी काय लागते हा जो त्यातला प्रश्न, तो अद्याप जागच्या जागी आहे.

मग संगणक हे या मुलांचे देणे आहे की आपली हौस आहे? येथे आम्हांस एका जुन्या वस्तूची आठवण होते, ती म्हणजे पटवाऱ्याचे दप्तर. निजामी अमलात शेतकऱ्याची जमीन, तिचा सारा, तिच्यावरील बोजा हे सर्व त्या दप्तरात असे, आणि ते वाचता येणारा गावात एखादाच. आपल्याच नावापुढे काय लिहिले आहे हे जाणण्यासाठी धन्याने दुसऱ्याच्या ओटीवर जाऊन हात जोडून बसावयाचे, ही जी लाचारी, तिच्यातून सुटण्यासाठी मराठवाड्यातील शेतकऱ्याने आपला पोर शाळेत घातला. आता ते दप्तर पुन्हा एकदा त्याच्या हातून निसटले आहे. सातबारा संगणकावर गेला. पीकविम्याचा अर्ज, शिष्यवृत्तीचा अर्ज, अकरावीचा प्रवेश, परीक्षेचा निकाल, सर्व तेथेच. २०२१ पासून ई-पीक पाहणी आली. शेतात काय पेरले याची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर करावयाची. कल्पना उत्तम, पण गावोगाव ही कामे करून देणारी केंद्रे आणि त्यांच्यापुढील रांगा पाहिल्या म्हणजे ओटी तीच आहे, मालक तेवढा बदलला आहे असे वाटू लागते. आपले नाव ज्या वहीत लिहिले आहे ती वही स्वतः उघडून वाचता येणे हा साक्षरतेचा मूळ हेतू होय. तो मान्य असेल तर आज संगणकाचे ज्ञान हा खेड्यातील मुलाचा हक्क ठरतो, आणि आमच्या स्नेह्यांची इच्छा ही केवळ हौस राहत नाही. इतके आम्ही निःशंकपणे म्हणतो.

परंतु ज्ञान हा हक्क असेल, तर यंत्र दिल्याने तो हक्क दिला गेला असे होते काय?

याचे उत्तर आम्हांस परभणी-हिंगोलीकडील एका गावी काही वर्षांपूर्वी मिळाले होते. गावाचे नाव सांगण्याचे कारण नाही. शाळेच्या वऱ्हांड्याच्या टोकास एक खोली, तिच्यावर ‘संगणक कक्ष’ अशी ठसठशीत अक्षरे, खाली ‘पादत्राणे बाहेर काढावीत’ ही सूचना, आणि दारास कुलूप. किल्ली सापडण्यास अर्धा तास गेला. आत निळ्या पडद्यांच्या अंधारात दहा यंत्रे ओळीने बसली होती व प्रत्येकीवर शिवून घेतलेली गवसणी होती. एक गवसणी आम्ही उचलून पाहिली. कळफलकावरील अक्षरे कोरी करकरीत होती. ज्या घरी संगणक वापरात असतो तेथे दोन वर्षांत काही अक्षरे बोटांखाली झिजून नाहीशी होतात; येथे दहा वर्षांनंतरही एकही अक्षर पुसट झालेले नव्हते. आम्ही शिपायास विचारले तेव्हा तो म्हणाला, ‘सर होते तोवर चालू होतं. सरांचा करार संपला.’

त्या एका वाक्यात या देशातील शालेय संगणकशिक्षणाचा बराचसा इतिहास आला. १९८४ साली केंद्र सरकारने सुमारे अडीचशे शाळांतून हा प्रयोग प्रथम सुरू केला तेव्हा बी. बी. सी. मायक्रो नावाची ब्रिटिश यंत्रे आणली होती. पुढे २००४ च्या डिसेंबरात माध्यमिक शाळांसाठी मोठी योजना निघाली. तिच्यात पुष्कळ ठिकाणी ठेका अशा रीतीचा होता की, एखाद्या कंपनीने यंत्रे बसवावीत, आपला शिक्षक द्यावा, पाच वर्षे खोली चालवावी आणि नंतर सर्व सामान शाळेच्या स्वाधीन करून निघून जावे. कागदावर यात दोष काढण्यास जागा नव्हती. प्रत्यक्षात पाच वर्षांनी शाळेच्या स्वाधीन झाली ती यंत्रे. शिकविणारा गेला, कारण तो शाळेचा कधी नव्हताच. तुटपुंज्या मानधनावर त्याने पाच वर्षे काढली, त्या अवधीत तो गावात रमलाही असेल, आणि कराराची तारीख उलटताच तो उमेदवारांच्या रांगेत पुन्हा पहिल्यापासून उभा राहिला. सामान शाळेत राहावयाचे व शिक्षक निघून जावयाचा, अशी व्यवस्था ज्यांनी आखली त्यांच्या मनात या दोहोंपैकी मौल्यवान काय होते हे निराळे सांगावयास नको.

कठोपनिषदात वाजश्रवसाची कथा आहे. त्याने यज्ञात सर्वस्व दान करावयाचे ठरविले, आणि ज्या गाईंचे पाणी पिऊन झाले, चारा खाऊन झाला, दूध देऊन झाले, अशा गाई ब्राह्मणांस दिल्या. पोरवयाच्या नचिकेत्यास ते पाहवले नाही. आजच्या यंत्रदानांपैकी किती या जातीची असतात याचा शोध घेतल्यास अनेकांस अवघड होईल. कचेरीतून निकालात काढलेली यंत्रे ‘ग्रामीण शिक्षणास देणगी’ या नावाने खेड्यात उतरविली जातात. त्यांच्याबरोबर छायाचित्रकार येतो, तंत्रज्ञ येत नाही. अर्थात आमचे स्नेही नवी गाय देऊ पाहत आहेत. त्यांस हा आक्षेप लागू नाही. तथापि नव्या गाईसही रोज चारा लागतो. विजेचे बिल, दोनतीन वर्षांनी बदलावयाची बॅटरी, जोडणीचे मासिक भाडे, उंदरांनी कुरतडलेली तार. ज्या शाळेस सरकारी वेतनेतर अनुदान मिळाले तरी ते खडूफळ्यासच पुरत नाही, तीस दहा यंत्रे देणे म्हणजे दहा यंत्रांची नवी काळजी देणे. दात्याचे समाधान एका दिवसाचे असते. घेणाऱ्याचा खर्च दर महिन्याचा असतो. दानाचा नैतिक विचार करताना या दुसऱ्या बाजूचा हिशेब आपल्याकडे क्वचितच मांडला जातो.

यंत्राने शिक्षणात काय घडते याचे काही परीक्षण झालेले आहे, आणि ते उद्बोधक आहे. पेरू देशात ग्रामीण प्राथमिक शाळांतील मुलांस छोटे संगणक वाटण्यात आले. तीनशेहून अधिक शाळांची पाहणी करून २०१२ साली जो अहवाल निघाला त्यात भाषा व गणित या विषयांत वाटपाचा काही परिणाम आढळला नाही. याउलट आपल्या वडोदऱ्यास नगरपालिकेच्या शाळांत सरकारने दिलेले संगणक बहुतेक ठिकाणी पडून होते; तेथे ‘प्रथम’ या संस्थेने चौथीच्या मुलांसाठी आठवड्यास दोन तास, दोघांत एक यंत्र, अशा रीतीने गणिताचे खेळ सुरू केले, आणि गावातीलच तरुण माणसे देखरेखीस ठेवली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधाप्रमाणे मुलांचे गणित चांगलेच सुधारले. मात्र उपक्रम थांबल्यावर वर्षभरात तो लाभ पुष्कळसा ओसरलाही. गुजरातेतच आणखी एक परीक्षण झाले, त्याचे निष्कर्ष २००८ साली निघाले. तेथे चांगले शिकविणाऱ्या एका संस्थेच्या वर्गांत, शिक्षकाच्या तासाच्या जागी संगणकाचा तास ठेवला तेव्हा मुले मागे पडली; शाळा सुटल्यावर वेगळा तास ठेवला तेव्हा, विशेषतः कच्च्या मुलांचा, काही फायदा झाला. यंत्र तेच, मुले तशीच; एके ठिकाणी ते शिक्षकाच्या जागी बसविले, दुसऱ्या ठिकाणी शिक्षकाच्या शेजारी. आम्हांस वाटते की या प्रश्नातील निम्मी नीती एवढ्या फरकात आहे.

आता हिशेबाकडे वळतो. स्नेह्यांस आम्ही जे लिहिले त्यात याच भागास अधिक जागा गेली, कारण न्याय-अन्यायाच्या गप्पा वेळापत्रकाशी येऊन थांबतात. एक शाळा कल्पू या. पाचवी ते दहावी, प्रत्येक इयत्तेच्या दोन तुकड्या, तुकडीत पन्नास मुले, एकूण सहाशे. दहा संगणक, एकावर दोघे, म्हणजे एका वेळी वीस मुले. प्रत्येक मुलास आठवड्यातून चाळीस मिनिटांचा एक तास द्यावयाचा म्हटला तर तीस गटांसाठी तीस तासिका लागतात. आणि एका कळफलकावर दोघे असल्याने प्रत्येकाच्या बोटांस मिळतात वीस मिनिटे. शाळेचे कामाचे आठवडे पस्तीस धरले तर वर्षास सातशे मिनिटे, म्हणजे बारा तासांहून थोडे कमी. शिवाय या तीस तासिका घेणारा शिक्षक दुसरे काहीच करू शकणार नाही, आणि असा शिक्षक शाळेपाशी नाही. गणिताचे किंवा विज्ञानाचे एखादे उत्साही शिक्षक आठवड्यास पंधरा तासिका काढू शकतील असे समजले, तर प्रत्येक मुलाच्या वाट्यास वर्षाकाठी सहा तास येतील. सहा तासांत मनुष्यास पोहता येत नाही, सायकल जेमतेम येते.

समतेच्या नावाने सर्वांस सारखे देण्याचा हा मार्ग दिसावयास निर्दोष आहे, आणि बहुतेक शाळा तोच धरतात, कारण त्यात कोणाच्या पालकाची तक्रार येत नाही. दुसरा मार्ग हुशार दहा मुले निवडून त्यांस पारंगत करण्याचा. त्यातून बक्षिसे मिळतात, वर्तमानपत्रात नाव येते. पहिल्यात कोणास काही मिळत नाही, दुसऱ्यात ज्याच्यापाशी आधीच आहे त्यास मिळते. दोन्ही आम्हांस त्याज्य वाटतात. या पेचातून वाट काढताना आम्हांस गावच्या पंगतीची आठवण झाली. गावजेवणास हजार माणूस येते, आणि पंक्तीस जागा असते शंभरांची. म्हणून कोणी एकेक बुंदीचा दाणा हजारांच्या हातावर ठेवीत नाही, आणि पहिल्या शंभरांस जेवू घालून चुलीवर पाणीही ओतीत नाही. पंगती बसतात. प्रत्येकास वाट पाहावी लागते, पण पानावर बसला की तो पोटभर जेवून उठतो. समता ही प्रत्येक घटकेस सिद्ध होत नाही. ती संबंध काळावर सिद्ध होते. तेव्हा प्रत्येक मुलाच्या शालेय आयुष्यात एक वर्ष संगणकाचे असावे, आणि ते आठवीचे असावे. दोन तुकड्यांची शंभर मुले, वीसांचे पाच गट, प्रत्येकास आठवड्यास तीन तासिका, एकूण पंधरा. प्रत्येकाच्या बोटांस आठवड्यास एक तास, वर्षास पस्तीस तास. शिक्षकाचे श्रम तेवढेच, आणि कोणतेही मूल आठवी ओलांडून गेले की ते रित्या हाताने गेले असे होणार नाही. वीस मुले संगणकावर असताना मागे राहिलेल्या तिसांचे काय करावयाचे, असा प्रश्न मुख्याध्यापक विचारतील. त्यांस त्या वेळी वाचनालयातील पुस्तके द्यावीत. पुस्तकांच्या कपाटाचेही कुलूप त्या निमित्ताने निघेल.

पंगतीचा दृष्टान्त दिला खरा, परंतु तो देताच त्यातील एक काळी बाजू आमच्या ध्यानात आली. आपल्या पंगतींत शेवटची पंगत बायकांची असते, आणि तेव्हा भांड्यांच्या तळाशी काय उरलेले असते ते सर्वांस ठाऊक आहे. ग्रामीण भागातील चौदा ते सोळा वर्षांच्या मुलामुलींची ‘असर’ने २०२४ साली जी देशव्यापी पाहणी केली, तीत शेकडा ८२ जणांनी स्मार्टफोन वापरता येतो असे सांगितले, परंतु अशा मुलांत ज्यांच्या मालकीचा फोन आहे असे मुलगे शेकडा ३६, मुली शेकडा २७. घरात फोन असतो, पण तो भावाच्या खिशात असतो. कुरुंद्यासारख्या मोठ्या गावच्या शाळेत आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून मुली येतात. एस.टी.चा पास त्यांस फुकट आहे. परंतु गाडीची वेळ काही त्यांच्या हाती नाही. म्हणून ‘शाळा सुटल्यावर खोली सर्वांस खुली राहील’ हा नियम कितीही उदार वाटला तरी त्याचा अर्थ, ‘गावातल्या मुलग्यांस खुली राहील’ असाच होतो. नियम सर्वांस सारखा असूनही फळ विषम, याचे याहून स्वच्छ उदाहरण आम्हांस सुचत नाही. तेव्हा संगणकाच्या तासिका शाळेच्या वेळातच बसवाव्यात. आणि मधल्या सुट्टीत खोली उघडावयाची असेल तर आठवड्याचे निदान तीन दिवस मुलींसाठी राखावेत. दोघांत एक यंत्र देताना मुलगा व मुलगी अशी जोडी लावू नये. कळफलक कोणाच्या हाती राहतो हे पाहावयास पाच मिनिटे पुरतात.

शिकवावयाचे काय, याविषयी थोडक्यात. पडद्यावरील चित्रांची इंग्रजी नावे पाठ करून घेणे म्हणजे संगणकशिक्षण, असा एक समज रूढ आहे. आमच्या मते आरंभ मराठी टंकलेखनापासून व्हावा. देवनागरीसाठी इनस्क्रिप्ट हा कळफलक १९८६ सालीच प्रमाण ठरला आहे. स्वर एका बाजूस व व्यंजने दुसऱ्या बाजूस अशी त्याची रचना वर्णमाला जाणणाऱ्या मुलास लवकर साधते. मुलाने आपल्या भाषेत एक पान लिहावे, पुसावे, पुन्हा लिहावे. लिहिलेले पुसून सुधारता येते हा शोध पुष्कळ मुलांस येथे प्रथम लागतो, आणि तो टंकलेखनाहून मोठा आहे. त्यानंतर आकड्यांचा तक्ता. वसमत तालुका हळदीचा. शिजवून वाळविलेली हळद ओलीच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतकी भरते हे घरोघर ठाऊक असते. बापाच्या शेतातील ओली हळद किती, शिजविण्याचा खर्च किती, वाळून किती भरली, पॉलिश करताना किती गेली, बाजारात भाव कोणत्या आठवड्यास काय होता, हे जी मुलगी तक्त्यात मांडील तिला त्रैराशिक, शेकडेवारी आणि संगणक ही तिन्ही एकदमच येतील. तिसरी गोष्ट म्हणजे संशय. फोनवर आलेला मजकूर खरा कशावरून, हा अर्ज माझ्याकडून कोणती माहिती मागतो आणि ती त्यास कशास हवी, हे विचारावयास शिकविले पाहिजे. २०२२ च्या अखेरीपासून प्रश्न टाकला की निबंध लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्ता सर्वांच्या हाती आली आहे. आपल्या हाती आलेल्या उत्तरातले चूक काय हे ज्यास ओळखता येत नाही त्याच्यासाठी ती नवीन काळातला पटवारीच होय.

केरळाचे उदाहरण येथे सांगितले पाहिजे. त्या राज्याने २००१ साली शाळांसाठी ही चळवळ सुरू केली तेव्हा बाहेरचा कंत्राटी शिक्षक आणण्यापेक्षा शाळेतल्याच शिक्षकांस तयार करण्यावर भर दिला, आणि विकतच्या प्रणालीऐवजी मुक्त प्रणाली घेतली. पुढे २०१८ पासून मुलांचीच मंडळे स्थापून यंत्रांची देखभाल व धाकट्यांस शिकविणे ही कामे त्यांच्याकडे दिली. केरळाचा पैसा व केरळाचे शासन मराठवाड्यातील एका शाळेस मिळणार नाही हे खरे. परंतु नववीतील मुलीने आठवीतील मुलीस शिकवावे यास शासनाची परवानगी लागत नाही.

आमच्या स्नेह्यांस आम्ही जी योजना लिहून पाठविली ती अशी. नवे दहा संगणक घेतले तर एकेकाचे चाळीस हजार धरून चार लक्ष त्यातच गेले. तारा, टेबले आणि बॅटऱ्या यांत पाचवा लक्ष संपला. आणि सहाव्या महिन्यात पहिले यंत्र बिघडले की कुलूप. त्याऐवजी नीट दुरुस्त केलेली, हमीसह मिळणारी जुनी यंत्रे पंधरा हजारांच्या आत-बाहेर मिळतात. दहांचे दीड लक्ष. वाजश्रवसाची गाय ती नव्हे. ही दुसऱ्या वेताची दुभती गाय आहे. वीजव्यवस्था, बॅटऱ्या व टेबले यांस पाऊण लक्ष. खोली शक्यतो वरच्या मजल्यावरची घ्यावी. २०२२ च्या जुलैत कुरुंद्यात पुराचे पाणी कसे शिरले होते ते स्नेह्यांस आम्ही सांगावे असे नाही. राहिलेले पावणेतीन लक्ष बँकेत ठेवावे व पाच वर्षे दरसाल पंचावन्न हजार खर्चावे: पंधरा हजार दुरुस्तीस व जोडणीस, आणि चाळीस हजार गावातीलच एखाद्या पदवीधर मुलीस, रोज दोन तास खोली सांभाळण्याचे मानधन म्हणून, दहा महिने दरमहा चार हजार. लोहारापुढे कढई व सुई अशी दोन कामे एकदम आली तर तो सुई आधी उरकतो, यास शास्त्रकार सूचीकटाहन्याय म्हणतात. आमच्या योजनेत यंत्रे ही सुई आहे. ती आधी होईल, लवकर होईल. तिलाच कढई समजून लोहाराने भाता मिटू नये एवढेच पाहावयाचे.

या योजनेतील एक गोष्ट आम्हांस स्वतःसच बोचते, ती लपवीत नाही. चार हजार रुपयांत रोजचे दोन तास विकत घेणे, आणि पाच वर्षांनी ‘निधी संपला’ म्हणून त्या मुलीस निरोप देणे, हे आम्ही ज्या कराराची वर निंदा केली त्याहून कितीसे निराळे आहे? आम्ही पुष्कळ विचार केला. ती पाच वर्षांत पुढील शिक्षण पुरे करील, आठवीच्या पाच पिढ्या तिच्या हाताखालून जातील, शाळेतील दोन शिक्षक तोवर तयार होतील, ही सर्व समर्थने आम्ही स्वतःस देऊन पाहिली. ती खोटी नाहीत. पुरेशी मात्र वाटली नाहीत. म्हणून आम्ही पत्रात एक अट घातली. नेमणुकीच्या दिवशीच मुदत, मानधन आणि पुढे काय होणार नाही हे तिला लेखी व स्पष्ट सांगावे. आणि स्नेह्यांच्या बरोबरीचे पुण्यास गेलेले जे पाचपंचवीस कुरुंदेकर असतील त्यांनी वर्षास थोडे थोडे घालून हे मानधन वाढवावे. एकट्याने खोली बांधण्यापेक्षा पंचवीस जणांनी एका माणसाचा पगार देणे कठीण असते, कारण पगारावर कोणाचे नाव कोरता येत नाही.

त्यावरच गाडे अडले. आठ दिवसांनी स्नेह्यांचा फोन आला. हिशेब त्यांस पटला होता. पंगतीचा मुद्दा फार आवडला होता. मग थोडे थांबून ते म्हणाले, ‘सगळं खरं. पण आईचं नाव कुठं लावायचं? बॅटरीवर की मानधनावर?’ ते चेष्टेत बोलत नव्हते. त्यांच्या मातोश्रींस सही करता येत नसे. पीककर्जाच्या कागदांवर त्यांचा अंगठा असे, आणि कागदात काय लिहिले आहे ते दुसऱ्याने सांगावे लागे. ही गोष्ट त्यांनी आम्हांस प्रथमच सांगितली. आम्ही एवढेच सुचविले की, खोलीत एक नोंदवही ठेवावी. कोणत्या मुलाने कोणत्या दिवशी किती वेळ यंत्र वापरले व काय केले ते ज्याचे त्याने आपल्या हाताने लिहून खाली सही करावी, आणि त्या वहीच्या पहिल्या पानावर मातोश्रींचे नाव असावे. वही भरली की दुसरी, तिच्याही पहिल्या पानावर तेच. पाटी पुसावयास कोणी नसले म्हणजे तिच्यावर धूळ बसते. वही मात्र खोली चालू असेल तरच भरते.

ते ‘बघतो’ म्हणाले. संगमरवराचा मोह त्यांस अद्याप आहे असे त्यांच्या आवाजावरून वाटले. जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी ते गावी जाऊन मुख्याध्यापकांस भेटणार आहेत, आणि आम्हीही बरोबर यावे असा त्यांचा आग्रह आहे.